कोंबड्यांच्या साथीचा कुलवृत्तांत

मुंबईहून मांडव्याच्या धक्क्यास उतरून वाड्यांतून चालूं लागलें, कीं अंगणोअंगणीं गांवठी कोंबड्या दिसतात. त्यांच्या मरणाची दाद पूर्वीं कोण घेई? मर आली, कीं ‘राणीखेत’ म्हणून मोकळें व्हावयाचें. परंतु जानेवारी २०२५ मध्यें धरमतर खाडीपलीकडील चिरनेर येथें (१९३० च्या जंगल सत्याग्रहाचें तेंच हें गांव) कोंबड्या मेल्या, तेव्हां नमुने प्रयोगशाळेंत गेले आणि एच५एन१ हा विषाणू निघाला.

ही चौकशीची रीत आपल्याकडे रुजली ती नवापुरामुळें. ज्याचें रेल्वे स्थानक अर्धें महाराष्ट्रांत, अर्धें गुजरातेंत आहे, त्या नवापुरीं २००६ च्या आरंभीं पक्षी पटापट मरूं लागले. पाळणाऱ्यांनीं राणीखेतच मानली. दोहोंतला भेद निष्णात पशुवैद्यासहि नुसत्या लक्षणांवरून सांगतां येत नाहीं. तेव्हां त्यांस दोष देणें मला अन्यायाचें वाटतें. १८ फेब्रुवारीस भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्णय जाहीर झाला: भारतांतील कोंबड्यांत एच५एन१ ची ही पहिलीच नोंद. लाखों पक्षी मारून पुरण्यांत आले. माणसांत लागण सिद्ध झाली नाहीं. तरी शहरांतल्या घरांनीं कोंबडी वर्ज्य केली, आणि ज्यांच्या खुराड्यांत रोग शिरलाहि नव्हता तेहि बुडाले.

पुढें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत व भोपाळास या विषाणूची कुळी शोधण्यांत आली. त्याची जनुकीय पोथी आठ तुकड्यांची, अवघी सुमारें साडेतेरा हजार अक्षरांची. नक्कल होतांना तींत चुका होतात व त्या पुढील पिढ्यांत उतरतात. भांडारकर संस्थेच्या पंडितांनीं महाभारताच्या पोथ्यांचीं कुळें समान पाठभेदांवरून लाविलीं, तशांतलाच हा प्रकार. नवापूरचा विषाणू २.२ या शाखेचा ठरला. या शाखेनें २००५ मध्यें चीनच्या छिंगहाई सरोवरावर रानहंस मारले होते, आणि पुढें युरोप व आफ्रिकाहि गांठली.

मात्र कुळी नातें सांगते, वाट नव्हे. रोग उडत्या पाखरांनीं आणला कीं पिलांच्या व्यापारानें, याचा निवाडा एकटीं अक्षरें करीत नाहींत. पण एक किटाळ त्यांनीं दूर केलें. २०२१ च्या जानेवारींत परभणीजवळील मुरुंबा येथें कोंबड्या मेल्या. त्या साथींत देशांत जे विषाणू सांपडले ते २.३.४.४बी या निराळ्याच शाखेचे होते. नवापूरचा विषाणू पंधरा वर्षें खुराड्यांत दडून बसला होता असें नव्हे; हा नव्यानें आलेला पाहुणा होता. सबब त्याचें खापर नवापूरच्या कुक्कुटपालकांच्या माथीं फोडतां येत नाहीं.