बूम कोसळण्याआधीचे दहा तास

पुढचं शेत आणि त्यातली माणसं कल्पनेतली आहेत. यंत्र मात्र असंच वागतं.

सकाळी ७:०० – दहा तास बाकी

मे महिना. विहिरीपासून शेततळ्यापर्यंत पाइपलाइनची चारी खणायची आहे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर, मागे बॅकहो जोडलेला, म्हणजे खणायचा हात: ट्रॅक्टरकडचा भाग बूम, पुढचा आर्म, टोकाला बकेट. काल संध्याकाळी चालकाने बकेट छातीएवढी उंच ठेवून इंजिन बंद केलं होतं. आज तिचे दात मातीत रुतलेत. जमिनीवर तेलाचा थेंब नाही, होज कोरडे, टाकीत तेल पुरेसं. म्हणजे तेल बाहेर गळलेलं नाही, आतल्या आत वाट काढून गेलंय.

"दादा, बूम रात्रीत खाली आला," हाताखालचा पोऱ्या म्हणतो.

"थोडं बसतंच रे."

हे वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून जास्त घातक. कंट्रोल व्हॉल्व्हमधला स्पूल म्हणजे पोलादी भोकात सरकणारा पोलादी दांडा. सरकायचा तर भोवती काही मायक्रॉनची फट हवीच, आणि त्या फटीतून तेल पाझरतंच. त्यामुळे नव्या यंत्राचा बूमही किंचित बसतो. कंपन्या त्याची मर्यादा ठरवून देतात. प्रश्न किती बसतो आणि दर महिन्याला जास्त बसतो का, हा आहे. ते इथे कुणी मोजलेलं नाही.

सकाळी ८:३० – साडेआठ तास बाकी

तेल थंड आहे, घट्ट आहे. बूम जागच्या जागी थांबतो. काम झपाट्याने होतं.

सकाळी ११:०० – सहा तास बाकी

ऊन तापलं, तेलही तापलं. तापलेलं तेल पातळ होतं आणि त्याच फटीतून जास्त वेगाने जातं. मालकाचा फोन आला म्हणून चालकाने हात थांबवला. बोलणं संपेपर्यंत बकेट वीतभर खाली.

हिशोब करून पाहू. सिलिंडरचा आतला व्यास १०० मिलिमीटर, दांड्याचा ५०. या जोडणीत बूमचं वजन दांड्याच्या बाजूच्या तेलावर तोललेलं असतं. तिथलं क्षेत्रफळ साधारण ५९ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दांडा एक सेंटिमीटर सरकायला ५९ मिलिलिटर तेल पुरतं, जेमतेम एक कटिंग चहा. पण बूमच्या लांबीमुळे तोच एक सेंटिमीटर बकेटच्या टोकाला सहा-सात पट होतो. तीन कटिंग तेल सरकलं की वीतभर उतार.

दुपारी १:०० – चार तास बाकी

मालक जेवणाचा डबा घेऊन आले. "मालक, बूम लई बसतोय."

"आत्ता गेल्या महिन्यात सील किट टाकलंय ना?"

टाकलं होतं. इथेच, बांधावर, वाऱ्यात, सिलिंडर उघडून. आपल्याकडे बूम बसला की पहिला उपाय सील किट. ते स्वस्त आणि दुकानात लगेच मिळणारं. दोष पिस्टनच्या सीलमध्ये असेल तर उपयोग होतो. स्पूल झिजला असेल किंवा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर दहा किटं टाकूनही बूम बसतच राहील. शिवाय उघड्यावर सिलिंडर खोलला की धूळ तेलात जाते आणि स्पूलला ओरखडे पाडते.

दोष कुठे आहे ते शोधायची एक साधी रीत आहे. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं, सगळे लिव्हर पुढेमागे हलवून दाब सोडायचा. मग व्हॉल्व्हपाशी बूमचे दोन होज आर्मच्या जागी आणि आर्मचे बूमच्या जागी जोडायचे. आता लिव्हरही उलटेपालटे चालतील, हे ध्यानात ठेवून बूम उचलायचा, इंजिन बंद करायचं, दांड्यावर खडूची खूण करून दहा मिनिटं मोजायची. बूम पूर्वीसारखाच बसला तर दोष सिलिंडरचा. बूम थांबला आणि आर्म बसायला लागला तर दोष व्हॉल्व्हचा. तासाभराचं काम. पण त्यात पहिली पायरी, बकेट टेकवण्याची, गाळली तर बाकीचं न केलेलंच बरं.

दुपारी ३:०० – दोन तास बाकी

बूम आता खणतानाच खाली येतोय, चारीचा तळ वेडावाकडा होतोय. मालक वैतागले. वाहतुकीत बूम अडकवून ठेवायची खिटी कधीच हरवलीय. तिच्या जागी सुतळी आहे.

दुपारी ४:१५ – पाऊण तास बाकी

तालुक्याच्या फिटरला फोन. तो उद्या येणार. "तोवर सिलिंडरचा होज ढिला करून बघा, तेल कसं येतंय ते," तो म्हणतो. आधी बकेट खाली टेकवा, हे तो सांगत नाही. त्याला ते सांगण्याची गोष्ट वाटत नाही.

दुपारी ४:५० – दहा मिनिटं बाकी

चारी ओली आहे, म्हणून बकेट वरच ठेवली. इंजिन बंद. चालकाच्या मते इंजिन बंद म्हणजे दाब बंद. तसं नाही. पंप थांबला तरी शेकडो किलोंचा बूम त्या कोंडलेल्या तेलावरच टेकलेला असतो. वजन आणि बूमची लांबी धरली तर आत सहज पन्नास-साठ बार दाब निघतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात तो जेमतेम एक-दीड बार असतो. सिलिंडरवरच बसवलेला लॉक व्हॉल्व्ह असता तर होज सुटला तरी तेल आत अडलं असतं. या बॅकहोला तो नाही. बूमखाली लाकडी ठोकळा द्यावा, असंही कुणाच्या मनात आलं नाही.

पाना पोऱ्याच्या हातात. नट उंच आहे, हात पोचेना, म्हणून तो आर्मच्या खाली शिरून उभा राहतो.

संध्याकाळी ५:००

नटाचे दोन आटे. तेलाचा फवारा. सकाळपासून सेंटिमीटर सेंटिमीटरने उतरणारा बूम दोन सेकंदांत पूर्ण खाली.

संध्याकाळी ५:०२

चालक इंजिन सुरू करून लिव्हर ओढतो. पंपाचं सगळं तेल ढिल्या होजमधून बाहेर फेकलं जातं, बूम हलत नाही. पोऱ्याचा पाय मांडीपासून आर्मखाली अडकलाय. पाना सापडत नाही.

संध्याकाळी ५:४०

शेजारच्या गावातून जेसीबी आला. त्याच्या बकेटला साखळी बांधून बूम उचलला, या वेळी खाली ओंडके रचले. पोऱ्या जिवंत आहे. पाय वाचेल की नाही, ते तालुक्याचे डॉक्टर सांगत नाहीत. ते त्याला जिल्ह्याला पाठवतात.

दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:००

फिटरने सिलिंडर उघडला. सील नवं, काठ शाबूत. मग व्हॉल्व्ह खोलून बूमचा स्पूल काढला. त्यावर लांबीच्या दिशेने दोन चरे होते, नखाला लागतील इतके खोल.