‘गोऱ्यांचा आजार’ आणि डॉ. नोशीर वाडिया

काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे निघाले की डाव्या अंगाला खाडी आणि उजव्या अंगाला जंगल. वाटेत चेणे गाव लागते. तेथील एका घरी काही वर्षांपूर्वी आमचे जाणे झाले. घरची तरुण सून पाच वर्षे आजारी होती. प्रथम एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. महिन्याभरात दृष्टी परत आली, म्हणून कोणी फार मनावर घेतले नाही. पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. कोणी अशक्तपणा म्हटले, कोणी बाहेरची बाधा. अखेर रोगाचे नाव कळले: मल्टिपल स्क्लेरोसिस. ‘‘हा तर गोऱ्यांचा आजार म्हणतात, आमच्या घरात कसा शिरला?’’ असे तिच्या सासऱ्यांनी आम्हांस विचारले.

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडला.

पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे स्पष्ट वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायेलिनचे आवरण असते. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्यावर उलटते आणि जागोजागी चट्टे पडतात. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा रोग अधिक, असे पुढे दिसून आले. मग आपल्याकडे तो नसणारच, ही समजूत रुजली. आणि जो रोग नाहीच असे डॉक्टर धरून चालतो, तो त्याला दिसावा कसा?

डॉ. नोशीर वाडिया लंडनहून परतल्यावर १९५७ च्या सुमारास जे. जे. रुग्णालयात मज्जासंस्थेच्या विकारांचा विभाग उभा राहिला. त्यांनी व डॉ. भीमसेन सिंघल यांनी १९७५ साली मुंबई परिसरातील या रुग्णांविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. एम.आर.आय. तेव्हा कोठेच नव्हते. रुग्णाला बोलते करावे, डोळ्याचा पडदा पाहावा, प्रतिक्षिप्त क्रिया तपासाव्यात, क्षय किंवा गाठ नाही याची खात्री करावी. निदान बहुतांशी यावर. हा रोग येथेही आहे, हे त्या निबंधाने वैद्यकविश्वासमोर ठेवले.

खरी नवलाची गोष्ट पुढची आहे. वाडिया स्वतः पारशी. पारशांचे पूर्वज हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इराणातून संजाणच्या किनाऱ्यावर उतरले. डहाणूपलीकडचे हे संजाण आपल्याला काही परके नाही. तेव्हापासून हवा तीच, पाणी तेच. मात्र लग्ने बहुतेक आपसांतच. रोग अक्षांशावरच ठरत असता तर पारशी आणि त्यांचे शेजारी यांच्यात फरक पडायला नको होता. भरुचा, वाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० जणांची पाहणी केली. १९८८ मध्ये लाखामागे २१ असे प्रमाण प्रसिद्ध झाले. वाडिया व भाटिया यांच्या १९९० च्या निबंधात मुंबईच्या पारशांसाठी ते २६ आले. उर्वरित भारतीयांविषयी त्या काळचा अंदाज लाखामागे एकाच्या आसपास होता. म्हणजे हवामानाखेरीज रक्तातून येणारेही काही आहे.

येथे थोडे सावध राहावे असे आम्हांस वाटते. चौदा हजारांत लाखामागे २१ म्हणजे प्रत्यक्षात तीन माणसे; एक कमी-जास्त झाला तरी आकडा हलतो. शिवाय पारशी घराघरांतून तपासले गेले, इतरांचा केवळ अंदाज. मंगळूर शहरात जेव्हा रीतसर पाहणी झाली, तेव्हा २०१४ साली प्रसिद्ध झालेले प्रमाण लाखामागे सुमारे ८ निघाले. रोग वाढला किती आणि शोधल्यामुळे सापडला किती, हे वेगळे करणे कठीण. डोळ्याची शीर व मज्जारज्जू यांवरच घाला घालणारा एक निराळा विकार २००४ नंतर रक्ततपासणीने ओळखता येऊ लागला. जुन्या यादीतले काही रुग्ण आज त्यात मोडतील. तरीही एकाच शहरातल्या दोन समाजांची तुलना करण्याची वाडियांची दृष्टी आम्हांस मोलाची वाटते.

अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये एप्स्टाइन-बार विषाणूचा या रोगाशी निकटचा संबंध दाखवला गेला. तो विषाणू जगात बहुतेकांना होऊन जातो. रोग मात्र मोजक्यांनाच जडतो. तेव्हा रक्ताचा प्रश्न उरतोच.

वाडियांना २०१२ साली पद्मभूषण मिळाले. २०१६ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचे नाव आले. चेण्याच्या त्या सुनेचे दाखल्याचे कागद आम्हीच भरले. आजाराच्या रकान्यात नाव लिहिताना सासऱ्यांनी ते दोनदा उच्चारून घेतले.