पूलँक व सँ-साँस (लंडन फिलहार्मोनिक ध्वनिमुद्रण, २०१४)

पूलँक व सँ-साँस हे फ्रेंच वाद्यवृंदसंगीताचे प्रत्यक्ष मैफलीतील ध्वनिमुद्रण आहे. ते मार्च २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये करण्यात आले. वादन लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे, संचालन यानिक नेझे-सेगँ यांचे, तर ऑर्गनवादन वेस्टमिन्स्टर ॲबीचे तत्कालीन संगीतप्रमुख जेम्स ओ'डोनेल यांचे आहे. सभागृहातील ऑर्गनचा जीर्णोद्धार त्याच महिन्यात पूर्णत्वास गेला होता.

वाद्य

मराठी संगीत रंगभूमीवर रूढ झालेला ऑर्गन पायाने भाता चालवून वाजवला जातो व त्यातील धातूच्या पट्ट्या कंप पावून स्वर देतात. येथील वाद्य मात्र नळ्यांचे आहे. त्यात ७,८६६ नळ्या असून हवेच्या दाबाने त्या बासरीप्रमाणे किंवा सनईप्रमाणे वाजतात. राल्फ डाउन्स यांच्या आराखड्यानुसार हॅरिसन अँड हॅरिसन या कंपनीने ते बांधले व १९५४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले.

२००५ मध्ये सभागृहाच्या नूतनीकरणासाठी ऑर्गन उतरवण्यात आला. २००७ मध्ये सभागृह पुन्हा खुले झाले, तेव्हा त्याचा सुमारे एक तृतीयांश भागच परत बसवला गेला होता. उर्वरित भागासाठी सार्वजनिक निधी उभारावा लागला. त्यामुळे काही वर्षे या व्यासपीठावर पूर्ण ऑर्गनची साथ असलेल्या कृती सादर करणे शक्य नव्हते. मार्च २०१४ मध्ये, मूळ उद्घाटनाच्या साठाव्या वर्षी, संपूर्ण वाद्य पुन्हा वाजू लागले.

समाविष्ट कृती

फ्रान्सिस पूलँक यांचा जी मायनरमधील ऑर्गन कॉन्चेर्तो १९३८ मध्ये पूर्ण झाला. त्यात ऑर्गनच्या जोडीला केवळ तंतुवाद्ये व टिंपनी आहेत. १९३६ मध्ये संगीतकार पिएर-ऑक्ताव्ह फेरू यांचे अपघाती निधन झाले. त्यानंतर पूलँक धार्मिक संगीताकडे वळले व त्या गंभीर वृत्तीची छाया या कृतीवर आहे.

कामीय सँ-साँस यांची तिसरी सिंफनी लंडनच्या फिलहार्मोनिक सोसायटीसाठी रचलेली असून १९ मे १८८६ रोजी त्यांच्याच संचालनाखाली लंडनमध्ये प्रथम सादर झाली. ती फ्रान्झ लिस्ट यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे. संथ भागात ऑर्गन मंद स्वरांनी तंतुवाद्यांना आधार देतो. अंतिम भागाच्या आरंभी मात्र तो सी मेजरच्या प्रचंड स्वरसंघाने प्रकट होतो. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनीही लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह ही सिंफनी ध्वनिमुद्रित केली आहे.

वैशिष्ट्य

या सिंफनीच्या काही ध्वनिमुद्रणांत ऑर्गन अन्यत्र मुद्रित करून नंतर जोडलेला आहे. १९७५ च्या सुमारास डॅनियल बॅरेनबॉइम यांनी शिकागो सिंफनीसह केलेल्या मुद्रणात शार्त्रच्या कॅथेड्रलमधील ऑर्गन वापरला गेला. अशा पद्धतीत दोहोंच्या आवाजाचे प्रमाण तंत्रज्ञ ठरवतो. लंडनच्या मुद्रणात ऑर्गन व वाद्यवृंद एकाच सभागृहात, श्रोत्यांसमोर एकत्र वाजतात. त्यांचा मेळ वादकांना तेथेच साधावा लागतो. जीर्णोद्धारित वाद्य पूर्ण वाद्यवृंदासमोर कसे उभे राहते, याचा हा आरंभीचा ध्वनिरूप पुरावा होय.