दोन उणिवांची सोयरीक

टर्बोची ऑटोमॅटिक गाडी ड्रॅग शर्यतीत सोडायची रीत दिसायला सोपी आहे. डाव्या पायानं ब्रेक घट्ट धरायचा, उजव्यानं ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचे फेरे दोन-अडीच हजारांवर चढून अडतात, बूस्टचा, म्हणजे टर्बोच्या दाबाचा, काटा उठतो आणि शेवटचा पिवळा दिवा लागला की ब्रेक सोडायचा. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन'ला पाव मैल पळणाऱ्या गाड्या पाहून ही निव्वळ शर्यतवाल्यांची शक्कल वाटते. शक्कल त्यांचीच, पण तिचं कूळ जहाजाच्या गोदीत सापडतं. वाफेची टर्बाइन भरधाव फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. हा पेच सोडवण्यासाठी श्टेटिनच्या व्हुल्कान गोदीतल्या हेर्मान फ्योटिंगरनं द्रवामार्फत शक्ती पोचवणाऱ्या यंत्राचं पेटंट 1905 मध्ये घेतलं. आजच्या ऑटोमॅटिक गाडीतला टॉर्क कन्व्हर्टर हा त्याचाच वंशज. त्याच वर्षी स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीनं इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर हवा दाबण्याचं पेटंट घेतलं. तो टर्बोचा मूळपुरुष.

या दोघांच्या मनात मोटारींच्या शर्यती नव्हत्या, मग त्यांना पूर्वज कशाला म्हणायचं, असा आक्षेप येईल. उत्तर यंत्रांच्या दोषांत आहे. टर्बोला धूर मिळाल्याशिवाय दाब मिळत नाही, म्हणून तो उशिरा जागा होतो. कन्व्हर्टर घसरतो, म्हणजे चाकं थांबली तरी इंजिन फिरू शकतं. एरवी इंधन खाणारी ही घसरणच टर्बोला जागं व्हायला सवड देते. शिवाय थांबलेल्या अवस्थेत कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करतो. ब्यूकनं 1948 साली डायनाफ्लोमधून कन्व्हर्टर अमेरिकेच्या रस्त्यावर आणला आणि 1980च्या दशकात ग्रँड नॅशनलमध्ये टर्बो व ऑटोमॅटिक एकत्र नांदले, तेव्हा ही सोयरीक जगजाहीर झाली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: या रीतीनं गिअरबॉक्सची वाट लागते. खरं आहे, आणि ते आकड्यात दिसतं. गाडी जागेवर असताना इंजिनाची सगळी शक्ती तेलाची उष्णता होते. समजा 60 किलोवॅट चार सेकंद, म्हणजे 240 किलोज्यूल. सहा लिटर तेल एवढ्यानं वीसेक अंश तापतं. परभणीच्या मे महिन्यात पारा 43 अंशांवर असताना तेल आधीच तापलेलं असतं, टर्बोची हवा निववणाऱ्या इंटरकूलरलाही गार हवा मिळत नाही आणि 23 अंशांच्या हवेपेक्षा तिथली हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. म्हणून तिथं ब्रेकवर गाडी दोन-तीन सेकंदांपलीकडे धरू नये आणि दोन फेऱ्यांमध्ये तेलाला निवू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. जिंतूर किंवा गंगाखेडच्या सार्वजनिक रस्त्यावर तर हा प्रयोग करूच नये. संगणकानं गाडी सोडणारा लाँच कंट्रोल आल्यावर हे कसब कशाला, असंही विचारतात. चाकणला बनणाऱ्या व्हर्टस गाडीच्या ऑटोमॅटिकमध्ये 1.0 टीएसआय इंजिनाला कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स येतो, 1.5 टीएसआयला दुहेरी क्लचचा. दुसऱ्यात द्रवाची घसरण नाही. ती क्लचच्या पट्ट्यांना सोसावी लागते, म्हणून तिथं पायापेक्षा संगणकाचाच हिशेब बरा. पुष्कळ नव्या गाड्यांत ब्रेक व ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की संगणक इंजिनाची ताकदच कापतो, त्यामुळे जुनी रीत मुख्यतः कन्व्हर्टरच्या जुन्या किंवा मुद्दाम बदल केलेल्या गाड्यांतच चालते.