हिंगोलीत एक मुक्काम : न्याहारी, नागनाथ आणि छावणी

मराठवाड्याच्या सहलीचा बेत आखताना वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ही नावे आधी ओठावर येतात. हिंगोलीचे नाव निघते ते औंढा नागनाथाच्या दर्शनापुरते. सकाळी नांदेडहून अथवा परभणीहून निघावे, अभिषेक आटोपावा आणि दुपारी परळीच्या वाटेला लागावे, असा बहुतेकांचा क्रम असतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मात्र निदान एका रात्रीचा मुक्काम मागतो. येथील बराचसा इतिहास फलकांवर लिहिलेला नसून वस्त्यांच्या नावांत दडलेला आहे, आणि सांगणारा गाववाला भेटल्याखेरीज तो उलगडत नाही.

पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही हिंगोली शहरातील वस्त्यांची नावे आहेत. पलटण म्हणजे पायदळ, रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या पैशावर उभ्या असलेल्या, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेची येथे छावणी होती. या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीच १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८३३च्या सुमारास ठगांच्या बंदोबस्ताच्या मोहिमेचेही हिंगोली हे एक केंद्र होते. १९०३मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. तिच्या पलटणींतून पुढे हैदराबाद रेजिमेंट आकाराला आली आणि १९४५मध्ये तिचे नाव 'कुमाऊँ रेजिमेंट' झाले. हिमालयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पलटणीचे मूळ असे दख्खनच्या मातीत सापडावे, हा इतिहासाचा एक गमतीदार फेराच म्हणायचा.

याच फौजेची एक मोठी लढाई पैनगंगेच्या खोऱ्यात झाली. हटकर सरदार नोवसाजी नाईक यांनी निजामाच्या सत्तेविरुद्ध बंड पुकारले होते. जानेवारी १८१९मध्ये मेजर पिटमन याने त्यांच्या नोव्हा येथील गढीला वेढा घातला. आत हटकरांबरोबर अरब शिबंदीही होती आणि गढी पडेपर्यंत ती निकराने लढली. 'नोव्हा' हे नाव इंग्रजांनी आपल्या पलटणींच्या युद्धसन्मानांत कोरून ठेवले. पराभूत नाइकांची आठवण मात्र या भागातील लोकांनीच जपली.

औंढा नागनाथ हिंगोलीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांतील नागेश ते हेच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा. गुजरात आणि उत्तराखंडातील देवस्थानेही हा मान सांगतात, पण तो वाद येथे नको. यादवकालीन हेमाडपंती शैलीतील मंदिराच्या पायथ्याशी हत्तींची रांग आणि वर मूर्तींचे दाट थर आहेत. शिखराकडचा भाग मात्र उत्तरकालीन असून दोहोंतील फरक डोळ्यांना सहज जाणवतो. गाभारा जमिनीखाली आहे आणि अरुंद वाटेने खाली उतरावे लागते. नंदी मंदिराच्या मागे आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी त्याची कथा सांगतात. नामदेवांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला तो याच देवळात, अशी परंपरा. गर्दी उसळण्यापूर्वी, कोवळ्या उन्हात हे शिल्प पाहावे. त्यासाठीही आदल्या रात्री जवळपास असणे बरे.

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले नर्सी कयाधू नदीच्या काठी आहे. (काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर मानतात.) गुरू ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे असल्याने येथे शीख भाविकही येतात. शिरड शहापूरचे मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर वाटेत पाहता येते. वसमतला हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचे नाव महाविद्यालयाला दिलेले आढळेल.

राहण्याची सोय प्रामुख्याने शहरातील लॉज आणि औंढ्यातील भक्तनिवास यांवर आहे. वास्तविक राज्याच्या पर्यटन विभागाची 'निवास व न्याहारी' योजना जुनीच आहे. घरमालकाने आपल्याच घरातील खोल्या नोंदवाव्यात, पाहुण्याला अंथरूण आणि सकाळची न्याहारी द्यावी, एवढे तिचे सुटसुटीत स्वरूप. सप्टेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्यांनाही अशा नोंदणीची वाट खुली केली. कोकणातील गावांनी अशा घरगुती मुक्कामाचा लाभ उचलला; येथे त्याला अजून मोठा वाव आहे. समुद्र नाही हे खरे, पण वसमतची हळद आहे. २०२४मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्याच्या तोंडाशी शिवारात हळद शिजू लागली, की तिचा वास दूरवर दरवळतो. थंडीत ज्वारीचा हुरडा, आणि न्याहारीला मुरमुऱ्यांचा मराठवाडी सुशीला! तो हॉटेलच्या पदार्थांच्या यादीत क्वचितच सापडतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पूर्णा-अकोला लोहमार्ग २००८मध्ये रुंद झाल्यापासून रेल्वेचा प्रवासही सोयीचा झाला आहे. स्थानकाचे नाव 'हिंगोली डेक्कन'. नोंदणीकृत घरी उतरायचे असल्यास नोंदणीपत्र पाहावे, न्याहारीखेरीज दोन वेळच्या जेवणाचे आधीच ठरवावे, आणि पेन्शनपुऱ्यापर्यंत पायी नेणारे कोणी घरात आहे का, तेही विचारून घ्यावे.