कार्नन नदीचं पाणी

कॉर्नवॉलच्या खाणींच्या इतिहासात तांबं किती निघालं, भागधारकांना किती मिळालं, हे सविस्तर सापडतं. खाणीतून उपसलेलं पाणी कुठे गेलं, हे शोधावं लागतं. पाण्याचे नमुने तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे मला ओढ त्या पाण्याचीच.

कॉर्नवॉलमधल्या ग्वेनॅपच्या तांब्याच्या खाणी खोल गेल्या तशा पाण्याने भरू लागल्या. 1748 मध्ये पाण्याच्या निचऱ्यासाठी ‘ग्रेट काउंटी अ‍ॅडिट’ हा बोगदा खणायला घेतला. फाटे फुटत त्याचं जाळं साठ किलोमीटरच्या वर गेलं. पंपांना पाणी थेट वर जमिनीपर्यंत न चढवता बोगद्यापर्यंतच चढवावं लागे, कोळसा वाचला. पाणी मात्र कार्नन नदीतून रेस्ट्राँगेट खाडीत उतरलं. गंधकाच्या खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होतं, आणि त्यात तांबं, जस्त, सोमल विरघळतात. पुढे तांब्याचा भाव कोसळला, खाणी एकेक करून बंद पडल्या. बोगदा वाहतच राहिला.

प्लिमथच्या प्रयोगशाळेतले ब्रायन आणि हमरस्टोन यांनी 1973 मध्ये इथल्या खाड्यांतल्या धातूंचा माग तपकिरी शेवाळावरून काढला, याचं मला फार मोल वाटतं. पाण्याचा नमुना त्या घटकेपुरतंच बोलतो. भरती आली की आकडा बदलतो. फ्यूकस हे तपकिरी शेवाळ मात्र खडकाला चिकटून महिनोन्‌महिने तेच पाणी पीत राहतं. ओहोटीला त्याचे चामड्यासारखे पट्टे हातात घेतले तर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना हवेचे फुगे लागतात. टोकाची वाढ कोवळी, बुडाकडची जुनी. धातू बुडाकडे जास्त सापडतात. या शेवाळाचं आयुष्य चार-पाच वर्षांचं. म्हणजे ग्वेनॅपच्या भरभराटीच्या काळातलं शेवाळ त्यांच्या हाती नव्हतंच. त्यांनी मोजलं ते त्यांच्या स्वतःच्या काळातलं पाणी.

1991 मध्ये व्हील जेन ही कथिलाची खाण बंद झाली, पंप थांबले. जानेवारी 1992 मध्ये आत साठलेलं पाणी फुटून बाहेर आलं आणि कार्नन नारिंगी झाली. तिथलं पाणी आजही चुना घालून, धातू खाली बसवूनच सोडावं लागतं.

2006 मध्ये हा खाणप्रदेश जागतिक वारसा ठरला. पडक्या इंजिनघरांचे फोटो लोक हौसेने काढतात. काढावेत, ती सुंदरच आहेत. पण त्यांच्या शेजारच्या फलकावर नदीतल्या तांब्या-जस्ताचे आकडेही लिहायला हवेत, आणि ते दरवर्षी नव्याने.