एका खिडकीभोंवतीं उभें राहिलेलें घर

मराठी भाषेला मरणाचें नांव घेण्याचा मोठा संकोच आहे. सुवासिनीच्या हातांतील बांगडी फुटली तरी ती ‘फुटली’ असें जुन्या घरांत कोणी म्हणत नसे. ती ‘वाढली’ म्हणावयाचें. दिवा विझविण्याचा नव्हे, तो मालविण्याचा. मनुष्य गेला म्हणजे त्यास ‘देवाज्ञा झाली’. मरणाची वार्ता आणणारें कार्ड वाचून होतांच फाडून टाकण्याची रीत पुष्कळ घरांतून होती. आणि एखाद्यानें अभद्र शब्द काढलाच, तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून त्याचें तोंड बंद करण्यांत येई.

या संकोचाच्या मुळाशीं कठोरपणा नसून माया आहे, हें उघड आहे. परंतु हीच माया असाध्य रोग्याच्या उशाशीं येऊन बसते, तेव्हां तिचें रूप पालटतें. डॉक्टर घरच्या कर्त्या माणसाला बाहेर बोलावून खरें तें सांगतात. कर्ता माणूस डोळे पुसून, चेहरा हंसरा करून आंत येतो आणि ‘आठ दिवसांत हिंडूंफिरूं लागाल’ असें म्हणतो. रोगी सर्व कांहीं समजून असतो. पण घरच्यांना वाईट वाटूं नये म्हणून तोही समजलें नाहीं असें दाखवितो. येणेंप्रमाणें एकमेकांवर अत्यंत प्रेम असलेलीं माणसें, बोलण्याची सर्वांत अधिक गरज असते त्याच वेळीं, परस्परांपासून दूर जातात. आणि ज्याला निघावयाचें आहे तो भरल्या घरांत एकटा पडतो.

हें मौन म्हणजे प्राचीन परंपरा होय, अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती बरोबर नाहीं. सन १२९६ मध्यें आळंदी येथें ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, त्या प्रसंगावर नामदेवांच्या नांवें प्रसिद्ध असलेली अभंगमालाच आहे. तींत जाणाऱ्याचा निश्चय आहे, तसाच मागें राहणाऱ्या भावंडांचा आणि संतमंडळींचा शोकही आहे. आणि हा शोक झांकण्याचा यत्न कोठेंही केलेला नाहीं. गृहस्थाच्या घरींही मरण घरांतच येई. शेजारीपाजारी अन्न शिजवून आणीत, तेरा दिवस माणसांचा राबता राही, आणि गेलेल्याच्या आठवणी निघत. युरोपांतही पंधराव्या शतकांत, मरणाला कसें सामोरें जावें व मरणाऱ्याजवळ बसणाऱ्यांनीं काय बोलावें हें शिकविणारीं लहान पुस्तकें निघालीं आणि तीं घरोघर वाचलीं गेलीं.

मरणाचें हें उघडें स्थान विसाव्या शतकांत नाहींसें झालें. औषधविद्येनें मोठे विजय मिळविले. रोगी घरांतून रुग्णालयांत गेला. आणि जेथें रोग जिंकणें हेंच एक ध्येय, तेथें मरण हा पराभव ठरला. सन १९५५ मध्यें जॉफ्री गोरर या इंग्रज लेखकानें असें दाखवून दिलें कीं, पूर्वीच्या पिढीला ज्याप्रमाणें कामविषयाचा उच्चार निषिद्ध होता, त्याप्रमाणें नव्या पिढीला मरणाचा उच्चार निषिद्ध झाला आहे. सन १९६१ मध्यें अमेरिकेंत शिकागो येथील एका रुग्णालयांतील डॉक्टरांना विचारणा झाली. तेव्हां शंभरांपैकीं सुमारें नव्वदांनीं, कर्करोगाच्या रोग्याला त्याचा रोग सहसा सांगत नाहीं, असें उत्तर दिलें. म्हणजे जें मौन केवळ मराठी घरांचें म्हणून समजलें जातें, तें त्या काळीं अतिशय पुढारलेल्या देशांतही तितकेंच दाट होतें.

तें फोडण्याच्या कार्याचा आरंभ लंडनमध्यें एका अगदीं साध्या ओळखींतून झाला. सिसिली साँडर्स यांचा जन्म १९१८ सालचा. ऑक्सफर्डचें शिक्षण अर्धवट टाकून त्यांनीं युद्धकाळांत परिचारिकेचें शिक्षण घेतलें. परंतु पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडावें लागलें, आणि रुग्णांच्या सांसारिक अडचणी पाहणाऱ्या अधिकारी म्हणून त्या सेंट टॉमस रुग्णालयांत राहिल्या. तेथें १९४७ मध्यें त्यांना डेव्हिड टास्मा नांवाचा रोगी भेटला. तो पोलंडमधील वॉर्सा येथील ज्यू. उपाहारगृहांत वाढप्याचें काम करणारा. वय अवघें चाळीस. आणि कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. परक्या देशांत त्याचें जवळचें असें कोणी नव्हतें.

पुढें तो दुसऱ्या रुग्णालयांत गेला, तेव्हां साँडर्सबाई त्याला तेथें जाऊन भेटत राहिल्या. दोन महिन्यांत सुमारें पंचवीस भेटी झाल्या. बोलणें मुख्यतः एकाच गोष्टीभोंवतीं फिरे: आपण जगांतून चाललों, आणि आपण येऊन गेल्याची कोठें खूणसुद्धां उरत नाहीं, ही त्याची खंत. त्याच्या वेदना शमविण्यास तेथील उपाय अपुरे होते, आणि त्या गजबजलेल्या दालनांत निवांत बोलण्यासही जागा नव्हती. तेव्हां त्याच्यासारख्यांसाठीं निराळें घर असावें, अशी कल्पना दोघांच्या बोलण्यांतून निघाली. एकदां त्यानें धीराचे चार शब्द मागितले. बाईंनीं पाठ असलेलें एक स्तोत्र म्हटलें. पुढें त्या पुस्तक काढून वाचूं लागणार, तों त्यानें त्यांना थांबविलें. त्याला पुस्तकांतलें नको होतें. बाईंच्या मनांत आणि हृदयांत जें असेल तेवढेंच हवें होतें. फेब्रुवारी १९४८ मध्यें तो वारला. आपल्या जवळचे पांचशें पौंड त्यानें बाईंना ठेवले होते, आणि तुमच्या घरांत मी एक खिडकी होऊन राहीन, असें सांगून ठेवलें होतें. खिडकी मिळाली, घर मात्र अजून कोठेंच नव्हतें.

बाईंनीं भावनेच्या भरांत लगेच संस्था काढली नाहीं. लंडनमधील सेंट ल्यूक या मरणोन्मुखांच्या आश्रमांत त्या संध्याकाळीं विनावेतन काम करूं लागल्या. तेथें त्यांनीं एक महत्त्वाची गोष्ट पाहिली. इतरत्र रोगी वेदनेनें व्याकुळ होऊन मागेल तेव्हां त्याला मॉर्फिन मिळे. येथें तें ठरल्या वेळीं, तोंडावाटे, वेदना उसळण्यापूर्वींच देत. परिणामीं रोगी जागा राही, शांत राही, आणि मुख्य म्हणजे बोलूं शके. या विषयांत अधिक कार्य करावें असें त्यांना वाटूं लागलें, तेव्हां नॉर्मन बॅरेट या शस्त्रवैद्यांनीं त्यांना सल्ला दिला कीं, मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच. यास्तव आधीं डॉक्टर व्हा. तिशी उलटलेल्या बाई पुन्हां विद्यार्थिनी झाल्या आणि १९५७ मध्यें डॉक्टर झाल्या. पुढील वर्षापासून हॅक्नी भागांतील सेंट जोसेफ आश्रमांत, आयरिश जोगिणींच्या सोबतीनें, त्यांनीं शेंकडों रोग्यांच्या वेदनेचा पद्धतशीर अभ्यास केला.

या अभ्यासांतून त्यांनीं १९६४ च्या सुमारास ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली. मरणाऱ्याची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची भीति, मागें राहणाऱ्या कुटुंबाची व पैशाची चिंता, आणि आपल्या जगण्याचा अर्थ काय हा प्रश्न, हीं तिचींच अंगें होत. यांपैकीं पहिल्या अंगावर औषध आहे. बाकीच्यांवर बोलणें आणि ऐकून घेणें यांखेरीज दुसरें औषध नाहीं. तथापि वेदनेनें तळमळणाऱ्याशीं संवाद होऊं शकत नाहीं, म्हणून औषध आधीं आणि बोलणें मागाहून, असा त्यांचा क्रम होता. सन १९६७ मध्यें लंडनच्या सिडनम भागांत सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलें, आणि टास्माची खिडकी त्याच्या दर्शनी भागांत बसली. एका खिडकीभोंवतीं घर बांधण्यास एकोणीस वर्षें लागलीं.

त्याच सुमारास अमेरिकेंत हाच प्रश्न निराळ्या वाटेनें पुढें आला. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेल्या मनोवैद्य एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस शिकागोच्या विद्यापीठ-रुग्णालयांत होत्या. सन १९६५ मध्यें धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी मरणाविषयीं अभ्यास करावयाचा म्हणून त्यांच्याकडे आले. मरणाऱ्यांसच विचारावें, असें बाईंनीं सुचविलें. पण त्यांनीं चौकशी केली, तेव्हां एवढ्या मोठ्या रुग्णालयांत मरणोन्मुख रोगी एकही नाहीं असेंच जो तो डॉक्टर सांगूं लागला! अखेर रोगी मिळाले, आणि आश्चर्य असें कीं, त्यांतील बहुतेकांना बोलावयाचेंच होतें. आजवर कोणी विचारलें नव्हतें इतकेंच. या संभाषणांवरून १९६९ मध्यें त्यांचा ग्रंथ निघाला. नकार, संताप, विनवणी, विषाद आणि स्वीकार या त्यांतील पांच अवस्था जगभर प्रसिद्ध झाल्या. लोकांनीं मात्र त्यांचा जिना करून टाकला, जणूं प्रत्येकानें पायरीपायरीनें चढून गेलेंच पाहिजे. शोक असा हिशेबानें चालत नाहीं, आणि खुद्द बाईंनींही पुढें तसा खुलासा केला.

या दोन बाईंच्या कार्यासह इतरही कारणांनीं वैद्यांचें मत पालटलें. सन १९७९ मध्यें अमेरिकेंतील डॉक्टरांना जुनाच प्रश्न विचारला, तेव्हां शंभरांपैकीं ९७ जणांनीं, रोग्याला सांगणेंच पसंत करितों, असें उत्तर दिलें. अठरा वर्षांत पारडें पूर्ण फिरलें. परंतु येथें एक गोष्ट विसरतां येत नाहीं. दाराशीं उभें राहून दोन वाक्यांत निदान ऐकवून निघून जाणें, ही सत्यनिष्ठा नव्हे. ती मौनाइतकीच निर्दय आहे. साँडर्सबाईंची रीत अशी कीं, रोग्याला किती जाणावयाचें आहे हें त्याच्याच बोलण्यावरून ओळखावें, आणि तेवढेंच, पण खरें, सांगावें. कोणाला सर्व ऐकावयाचें असतें, कोणाला थोडेंच. ठरविण्याचा अधिकार ज्याचें मरण आहे त्याचा.

भारतांतील अशा प्रकारचें पहिलें घर महाराष्ट्रांतच निघालें. मुंबईस वांद्रें येथें १९८६ मध्यें डॉ. एल. जे. डिसोझा यांनीं शांति अवेदना आश्रमाची स्थापना केली. पुढें त्याची एक शाखा गोव्यांतही निघाली. केरळांत कालिकत येथें १९९३ मध्यें वेदनाशमनाचें जें काम सुरू झालें, तें साध्या नागरिकांनीं आपलें मानलें. शेजारचे शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी रोग्याच्या घरीं जाऊन बसूं लागले; आणि सन २००८ मध्यें त्या राज्यानें या सेवेविषयीं आपलें धोरणच जाहीर केलें. वाट मात्र सोपी नव्हती. मादक द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्यामुळें मॉर्फिन मिळविणें इतकें कठीण झालें कीं, कर्करोगाच्या असंख्य रोग्यांना तें दुर्लभ झालें. २०१४ च्या दुरुस्तीनें ही अडचण बरीच कमी केली.

न्यायालयानेंही या विषयाला हात घातला आहे. दि. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य केला, आणि शुद्धि नसतांना आपल्यावर कोणते उपचार करावेत व कोणते करूं नयेत, हें आधीं लिहून ठेवण्यास अनुमति दिली. प्रारंभीं त्यास न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे; जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तें करतां येतें.

तथापि कागद कितीही पक्का असला तरी तो बोलण्याची जागा घेऊं शकत नाहीं. बापानें काय इच्छिलें होतें हें मुलांनीं त्याच्या तोंडून कधीं ऐकलेंच नसेल, तर अतिदक्षता विभागाच्या दाराशीं भावाभावांत वाद होतो, आणि त्याचा सल जन्मभर राहतो. उलट, वेळीं झालेल्या चार शब्दांच्या बोलण्यानें पुष्कळ गोष्टी सुटतात: राहिलेली क्षमा मागितली जाते, देणें-घेणें सांगितलें जातें, आणि निरोप देण्याचें भाग्य उभयपक्षीं लाभतें. शोक त्यानें टळत नाहीं. पण ‘तेवढें बोलायचें राहून गेलें’ ही जी शोकांतली सर्वांत जहरी टोंचणी, ती टळते.

सिसिली साँडर्स १४ जुलै २००५ रोजीं कर्करोगानें वारल्या. शेवटचे दिवस त्यांनीं स्वतः उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफरमध्येंच काढले. जगांत आपली खूण उरत नाहीं म्हणून कष्टी झालेल्या त्या वाढप्याची खूण आज अनेक देशांतील अशा घरांच्या रूपानें उभी आहे. आणि तिचा आरंभ कोणत्याही मोठ्या उपचारांत नसून, एका माणसानें दुसऱ्याजवळ बसून त्याचें खरें बोलणें ऐकून घेतलें, एवढ्यांतच आहे. तेवढें करण्यास रुग्णालय लागत नाहीं.